स्मृतीचा ईईजी प्रयोग: लक्षात राहिलेला शब्द आणि विसरलेला शब्द मेंदूत वेगळा दिसतो का, हे मोजायचं कसं

एका माणसाला पडद्यावर एकामागून एक शब्द दाखवले आणि थोड्या वेळाने परीक्षा घेतली, तर काही शब्द त्याला आठवतात आणि काही साफ निसटतात. प्रत्येक शब्द पाहताना त्याचा ईईजी (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवरून घेतलेली मेंदूच्या विद्युत हालचालीची नोंद) घेतलेला असेल, तर परीक्षेनंतर त्या नोंदींचे दोन ढीग करता येतात: पुढे लक्षात राहिलेल्या शब्दांच्या नोंदी आणि पुढे विसरलेल्या शब्दांच्या. मग दोन्ही ढिगांची तुलना करायची. १९८० च्या सुमारास ही पद्धत रूढ होऊ लागली, १९८७ मध्ये पॅलर, कुटास आणि मेज यांनी या फरकाला 'डीएम' हे नाव दिलं, आणि १९९८ मध्ये हाच आराखडा एफएमआरआयमध्येही (मेंदूतल्या रक्तप्रवाहातल्या बदलांवरून हालचाल दाखवणाऱ्या तंत्रात) वापरला गेला. स्मृती आणि मेंदूतल्या लयी यांवरचं बरंचसं काम आजही याच तुलनेवर उभं आहे.

आराखडा सोपा दिसतो, पण त्यात एक मोठी मेख आहे. कोणता शब्द कोणत्या ढिगात जाणार हे तुम्ही ठरवत नाही, सहभागी व्यक्तीची स्मृती ठरवते. त्यामुळे स्मृतीखेरीज त्या दोन ढिगांत जे काही वेगळं असेल (शब्दाचा सोपेपणा, थकवा, पापण्यांची उघडझाप, ढिगाचा आकार) ते सगळं स्मृतीचा परिणाम म्हणून तुमच्या आलेखात येऊन बसतं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीपासून बचाव करण्यासाठी आहे.

शब्द आणि यादी

३६० नामं निवडा आणि त्यांचे १२० चे तीन संच करा. प्रत्येक व्यक्तीला दोन संच अभ्यासाला द्या, तिसरा संच परीक्षेत 'नवा' म्हणून मिसळा आणि व्यक्तीगणिक संचांची अदलाबदल करा. अशाने कोणताही शब्द कायमचा 'जुना' किंवा कायमचा 'नवा' राहत नाही. तिन्ही संचांत वापरातली वारंवारता, लांबी आणि डोळ्यांसमोर चित्र उभं करण्याची क्षमता सारखी हवी. चित्र उभं करणारे शब्द सहज लक्षात राहतात. वारंवारतेचा परिणाम तर परीक्षेच्या प्रकारानुसार उलटतो: ओळखण्याच्या परीक्षेत दुर्मीळ शब्द चांगले ओळखले जातात, स्वतःहून आठवून सांगायचे असतील तर नेहमीचे शब्द जास्त येतात. शब्द देवनागरीत असतील तर लांबी अक्षरं मोजून ठरवू नका. जोडाक्षरं आणि मात्रांमुळे पडद्यावरची रुंदी बदलते, म्हणून रुंदीच मोजा. ७० सेंटीमीटर अंतरावर डोळ्याशी एक अंशाचा कोन म्हणजे सुमारे १.२ सेंटीमीटर. शब्द पाच अंशांत, म्हणजे साधारण सहा सेंटीमीटरमध्ये बसला की डोळे इकडेतिकडे फिरवावे लागत नाहीत.

अभ्यासाचे २४० शब्द सहा फेऱ्यांत विभागा. प्रत्येक फेरीत ४० शब्द आणि सुरुवातीला दोन भरतीचे शब्द, जे विश्लेषणात घ्यायचे नाहीत. यादीचे पहिले शब्द नेहमीच जास्त लक्षात राहतात, त्यांचा हा उतारा. एका ट्रायलची, म्हणजे एक शब्द दाखवून उत्तर घेण्याच्या एका खेपेची, रचना अशी ठेवा: १.० ते १.५ सेकंद मधोमध अधिक चिन्ह, १.५ सेकंद शब्द, मग १.२५ सेकंद उत्तरासाठी, ज्यात 'सजीव की निर्जीव' एवढंच सांगायचं. चिन्हाचा वेळ मुद्दाम अनियमित ठेवायचा. तो ठरावीक ठेवला तर मेंदू शब्दाची वेळ आधीच ओळखतो आणि त्या अपेक्षेची लाट शब्दाच्या लाटेत मिसळते. सरासरी चार सेकंदांची ट्रायल धरली तर एक यादी पावणेतीन मिनिटांत संपते.

त्यानंतर एक मिनिट दुसऱ्याच कामात गुंतवा. एखाद्या तीन आकडी संख्येतून तीन-तीन वजा करत जाणं पुरतं. या मिनिटाशिवाय शेवटचे चार-पाच शब्द तात्पुरत्या स्मृतीत तसेच धरून ठेवले जातात आणि परीक्षा दीर्घकालीन स्मृतीची राहत नाही. मग ४० जुने आणि २० नवे शब्द मिसळून परीक्षा. उत्तर सहा पायऱ्यांवर घ्या, 'नक्की नवा' पासून 'नक्की जुना' पर्यंत. विश्रांती धरून सगळं एका तासात बसतं.

परीक्षा होणार हे पहिल्या फेरीआधीच सांगून टाका. न सांगता केलेला अभ्यास फक्त पहिल्या फेरीपुरता असतो. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येकजण पाठ करायच्या तयारीनेच बसतो, आणि मग पहिली फेरी बाकीच्या पाचांशी जुळत नाही.

किती ट्रायल्स उरतील, याचं गणित आधी

समजा ७० टक्के जुने शब्द ओळखले गेले. २४० पैकी १६८ लक्षात राहिलेले, ७२ विसरलेले. त्यातल्या १५ टक्के ट्रायल्स हालचालीमुळे बाद झाल्या तर उरतात सुमारे १४३ आणि ६१. हे चालेल. पण एखाद्याची स्मृती उत्तम असेल आणि तो ९० टक्के ओळखत असेल, तर विसरलेल्या ढिगात जेमतेम २० उरतील आणि त्या व्यक्तीची नोंद या तुलनेसाठी निरुपयोगी ठरेल. तीसच्या खाली ढीग गेला की व्यक्ती वगळायची, हा नियम नोंदी घेण्याआधी लिहून ठेवा. आधी चार-पाच जणांवर चाचणी घेऊन परीक्षेची काठिण्यपातळी अशी ठेवा की ६५ ते ७५ टक्क्यांच्या आसपास जुने शब्द ओळखले जातील. खूप सोपी असेल तर याद्या लांबवा किंवा शब्द दाखवण्याचा वेळ कमी करा.

नुसतं टक्केवारीवर थांबू नका, कारण सगळ्यालाच 'जुना' म्हणणारा माणूस १०० टक्के मिळवतो. त्यासाठी डी-प्राइम काढा, म्हणजे जुने आणि नवे शब्द किती नीट वेगळे ओळखले याचं माप. २४० पैकी १६८ बरोबर ओळखले आणि १२० नव्यांपैकी २४ चुकून 'जुने' म्हटले, असं धरू. शून्य किंवा शंभर टक्क्यांवर गणित अडू नये म्हणून प्रत्येक मोजणीत ०.५ आणि प्रत्येक एकूण संख्येत १ मिळवतात: १६८.५ भागिले २४१ म्हणजे ०.६९९, आणि २४.५ भागिले १२१ म्हणजे ०.२०२. दोन्हींच्या झेड-मूल्यांची (प्रमाणित सामान्य वितरणावर त्या प्रमाणाशी जुळणाऱ्या मूल्यांची) वजाबाकी ०.५२ वजा उणे ०.८३, म्हणजे सुमारे १.३५. यातल्या चुकीच्या 'जुने' उत्तरांकडे नीट पाहा. न पाहिलेल्या शब्दालाही हा माणूस पाचात एकदा 'जुना' म्हणतो. म्हणजेच साफ विसरलेले काही शब्द नशिबाने 'लक्षात राहिलेल्या' ढिगात शिरलेले असणार. म्हणून 'नक्की जुना' आणि 'बहुधा जुना' एवढेच पहिल्या ढिगात घ्या, 'नवा' म्हटलेले दुसऱ्यात, आणि 'अंदाजे जुना' बाजूला ठेवा. ढीग लहान होतो, पण स्वच्छ होतो.

नोंद घेताना

नीतिसमितीची मंजुरी आणि लेखी संमती याशिवाय एकही इलेक्ट्रोड लावायचा नाही. नोंदीत काही विचित्र दिसलं तर काय करायचं, कोणाला कळवायचं, हेही संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असावं. संशोधकाने तिथल्या तिथे निदान सांगायचं नसतं.

सहभागींना आधीच कळवा: केस धुऊन, पूर्ण कोरडे करून या, तेल किंवा जेल लावू नका, आदल्या रात्री नेहमीइतकी झोप घ्या. डोक्याचा घेर मोजून टोपी निवडा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर, दोन्हींचा मध्य जिथे येतो तिथे 'सीझेड' हा इलेक्ट्रोड बसला पाहिजे. टोपी एक सेंटीमीटर सरकली तरी प्रत्येक इलेक्ट्रोड चुकीच्या जागेचं मोजतो, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही. डोळ्यांच्या बाहेरच्या कडांना आणि एका डोळ्याखाली वेगळे इलेक्ट्रोड लावा. इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युत विरोध) शक्यतो १० किलोओहमच्या खाली आणा. जेल बेताने भरा. जास्त झालं तर ते त्वचेवर पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडून टाकतं, आणि पडद्यावर दोन वाहिन्यांच्या (एका इलेक्ट्रोडची नोंद म्हणजे एक वाहिनी) रेषा हुबेहूब सारख्या धावताना दिसतात. अशी जोडी दिसली की तिथेच पुसून पुन्हा लावा.

सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजायचं ते, ५०० किंवा १००० हर्ट्झ ठेवा. शब्द दिसल्याची खूण संगणक पाठवतो तो क्षण आणि शब्द पडद्यावर प्रत्यक्ष उमटतो तो क्षण एकच नसतो. ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांनी एकदा बदलतो, आणि त्यावर पडद्याचा स्वतःचा उशीर असतोच. पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन शब्दाबरोबर चमकवा, त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर) चिकटवा आणि फरक मोजा. उशीर कायम सारखा असेल तर सर्व खुणा तेवढ्या सरकवता येतात. तो कमी-जास्त होत असेल तर प्रयोगाचं सॉफ्टवेअर दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रयोग सुरू करण्याआधी एक मिनिट डोळे उघडे आणि एक मिनिट मिटलेले अशी नोंद घ्या. डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवर सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होणारी ठळक लाट उसळते आणि डोळे उघडताच विरते. हान्स बर्गरने १९२९ च्या निबंधात वर्णन केलेली अल्फा लय ती हीच. बहुतेकांत ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती कपाळावर ठळक आणि मागे गायब दिसली, तर वाहिन्यांच्या तारा उलटसुलट लागल्या आहेत का ते तपासा. त्याच वेळी सहभागी व्यक्तीला पडदा दाखवून दात आवळायला आणि डोळे मिचकवायला सांगा. पापणीच्या एका उघडझापीने कपाळावरच्या वाहिनीत १०० मायक्रोव्होल्टहून मोठा डोंगर उभा राहतो. तुम्ही शोधत असलेला स्मृतीचा फरक सरासरीनंतर एक ते तीन मायक्रोव्होल्टचा असतो. हे एकदा स्वतः पाहिलं की शांत बसण्याची सूचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नोंद साफ करताना क्रम महत्त्वाचा

ईईजीलॅब, फील्डट्रिप किंवा एमएनई-पायथन, यांपैकी काहीही वापरा. ईईजी विश्लेषणाची ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि तिन्हींत पुढचं सगळं होतं. आधी बिघडलेल्या वाहिन्या शोधून बाजूला काढा. मग नोंदीच्या दोन प्रती करा. विश्लेषणाच्या प्रतीला ०.१ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याहून संथ लाटा गाळणारा) लावा. याहून बराच वरचा, विशेषतः ०.३ हर्ट्झच्या पुढचा फिल्टर संथ लाटांना विकृत करतो आणि कधी कधी मुळात नसलेली उलटी लाट तयार करतो. दुसऱ्या प्रतीला १ हर्ट्झचा फिल्टर लावून फक्त तिच्यावर आयसीए (मिसळलेल्या नोंदीतून स्वतंत्र स्रोतांचे घटक वेगळे करणारी गणिती पद्धत) चालवा, कारण संथ सरकणीत आयसीए भरकटतं. मिळालेली वजनं पहिल्या प्रतीला लावा आणि डोळ्यांचे, हृदयाचे, ठळक स्नायूंचे घटक काढा.

आयसीएला भरपूर नोंद लागते. ढोबळ नियम म्हणजे वाहिन्यांच्या संख्येचा वर्ग गुणिले वीस इतके नमुने: ६४ वाहिन्यांसाठी ८१,९२०, म्हणजे २५० हर्ट्झला साडेपाच मिनिटं. तासाभराच्या नोंदीत हे सहज भागतं. घोटाळा होतो तो दुसरीकडे. बाद वाहिन्या शेजारच्यांवरून भरून काढल्या किंवा सगळ्यांची सरासरी वजा केली, की वाहिन्या ६४ दिसल्या तरी स्वतंत्र माहिती तेवढी उरत नाही. अशा नोंदीवर ६४ घटक मागितले तर आयसीए एकच घटक दोनदा, उलट चिन्हाने देतं. म्हणून आयसीए आधी, वाहिन्या भरणं नंतर, सरासरी रेफरन्स (सगळ्या वाहिन्यांची सरासरी वजा करणं) सगळ्यात शेवटी.

बाद ट्रायल्स निवडताना ती ट्रायल कोणत्या ढिगातली आहे हे तुम्हाला दिसता कामा नये. लेबलं फाइलमधून काढून ठेवा, सफाई पूर्ण करा, मगच जोडा. नंतर दोन्ही ढिगांतून किती टक्के बाद झाल्या ते पाहा. विसरलेल्या ढिगातून बरंच जास्त गेलं असेल तर त्या शब्दांच्या वेळी व्यक्ती चुळबुळत होती किंवा पेंगत होती, आणि हे निष्कर्षाला थेट लागू आहे.

लयी मोजताना

ट्रायलचा तुकडा शब्दाच्या १.५ सेकंद आधीपासून २.५ सेकंद नंतरपर्यंत कापा. कडेचे भाग फेकायचेच असतात, कारण तिथे वेव्हलेट (लय मोजण्यासाठी नोंदीवरून सरकवलेली छोटी लाट) अर्धवट पडतो. मोर्ले वेव्हलेटसाठी संथ लयींना ३ आवर्तनं आणि वेगवान लयींना ८ ते १० अशी वाढती संख्या ठेवा. ४ हर्ट्झला ३ आवर्तनं घेतली तर काळातला पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ०.१२ सेकंद येतो. ५ घेतली तर ०.२ सेकंद. याचा अर्थ शब्द दिसल्यानंतरची थिटाची (४ ते ८ हर्ट्झच्या लयीची) वाढ आलेखात शब्दाच्या आधीच सुरू झालेली दिसू शकते. म्हणूनच बेसलाइन (शब्दाआधीचा, तुलनेसाठी घेतलेला काळ) शब्दाला चिकटून घेऊ नका. उणे ५०० ते उणे २०० मिलिसेकंद ठीक.

बेसलाइनमध्ये आणखी एक सापळा आहे. २००६ मध्ये ऑटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शब्द येण्याआधीची मेंदूची हालचालदेखील तो शब्द पुढे लक्षात राहील का हे काही अंशी सांगते. मग लक्षात राहिलेल्या ढिगात बेसलाइनच वर असेल आणि तुम्ही प्रत्येक ढिगाची स्वतःची बेसलाइन वजा केलीत, तर शब्दानंतर खोटी घट दिसेल. त्यामुळे आधी बेसलाइन न लावता दोन्ही ढिगांचा कच्चा आलेख काढा. मग दोन्हींना मिळून एकच सामाईक बेसलाइन वापरा.

थिटाबद्दलचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत हे माहीत असू द्या. २००३ मध्ये सेडरबर्ग, कहाना आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या आतल्या इलेक्ट्रोडवर पाहिलं की थिटा आणि गॅमा (साधारण ३० हर्ट्झच्या वरची वेगवान लय) वाढल्यास शब्द पुढे आठवतो. नंतरच्या कित्येक नोंदींत उलट दिसलं: संथ लयी घटतात, वेगवान हालचाल वाढते. यातला काही भाग लयीचा नसतोच. मेंदूच्या वर्णपटाला (कोणत्या वारंवारतेत किती शक्ती याच्या आलेखाला) एक उतार असतो, संथ भागात जास्त शक्ती आणि वेगवान भागात कमी. तो उतार थोडा सपाट झाला की थिटा 'घटला' आणि गॅमा 'वाढला' असं दिसतं, प्रत्यक्षात लय तीच असते. यासाठी वर्णपटातला उतार आणि त्यावरचे उंचवटे वेगळे करणारी पद्धत २०२० मध्ये डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी मांडली, तिचं सॉफ्टवेअर मोफत आहे. ठरावीक ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्याची सरासरी घेऊन थांबण्याआधी तिथे उंचवटा खरोखर आहे का ते प्रत्येक व्यक्तीत पाहा. त्या मानाने अल्फा आणि बीटाची (साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या लयीची) घट, विशेषतः अर्थाचा विचार करायला लावणाऱ्या कामात, जास्त भरवशाची आहे.

गॅमाबद्दल आणखी सावध राहा. औषधाने तात्पुरते स्नायू शिथिल केलेल्या माणसांवरच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं की डोक्यावरून मोजलेल्या २० हर्ट्झच्या वरच्या शक्तीतला मोठा भाग स्नायूंचाच असतो. २००८ मध्ये युवल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शब्द किंवा चित्रानंतर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी दिसणारा गॅमाचा फुगवटा डोळ्यांच्या अतिसूक्ष्म उड्यांमधून येऊ शकतो. डोळ्यांच्या हालचाली मोजणारं यंत्र हाताशी नसेल, तर डोक्यावरच्या गॅमावर निष्कर्ष बांधू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फेज (लाट त्या क्षणी आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) मोजणार असाल तर ढिगांचा आकार घात करतो. ट्रायल्समध्ये फेज अजिबात जुळत नसली तरी जुळणीचा आकडा शून्य येत नाही, साधारण ०.८९ भागिले ट्रायल्सच्या संख्येचं वर्गमूळ इतका येतो. आपल्या उदाहरणात १४३ ट्रायल्सना ०.०७ आणि ६१ ट्रायल्सना ०.११. म्हणजे काहीही नसताना विसरलेल्या शब्दांत फेज 'जास्त जुळलेली' दिसते. मोठ्या ढिगातून ६१ ट्रायल्स यदृच्छया उचला, हे शंभरेक वेळा करा आणि सरासरी घ्या. शक्तीच्या सरासरीला हा धोका नाही, पण लाटेचं सर्वोच्च टोक मोजत असाल तर तिथेही तोच आहे. दोन इलेक्ट्रोडमधली जुळणी मोजताना शून्य वेळ-अंतराची जुळणी दुर्लक्षित करणारं मोजमाप निवडा, कारण एकच स्रोत कवटीतून पसरून दोन्हीकडे एकाच क्षणी दिसतो.

थकवा: सगळ्यात सहज सुटणारी चूक

तासभर बसल्यावर अल्फा हळूहळू वाढतो. त्याच तासात लक्षात राहण्याचं प्रमाणही घसरतं. त्यामुळे विसरलेल्या ढिगात शेवटच्या फेऱ्यांचे शब्द जास्त आणि अल्फाही जास्त. तुलना केली की 'अल्फा घटला की शब्द लक्षात राहतो' असा सुंदर निकाल मिळतो, आणि तो निव्वळ घड्याळाचा असू शकतो. दोन साधे आलेख काढा: फेरीनुसार अल्फा आणि फेरीनुसार लक्षात राहिलेल्यांचं प्रमाण. दोन्ही झुकलेले असतील तर प्रत्येक ट्रायलचा अल्फा एका मिश्र मॉडेलमध्ये (अनेक कारणांचा परिणाम एकत्र तोलणाऱ्या संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये) घाला, ज्यात स्मृतीबरोबर फेरीचा क्रमांक आणि यादीतली जागा असेल, आणि व्यक्ती व शब्द दोन्हींना यादृच्छिक परिणाम म्हणून घेतलेलं असेल. फेरी धरल्यावरही स्मृतीचा परिणाम टिकला, तर तो लिहिण्याजोगा.

आकडेवारी आणि लिहिताना

६४ वाहिन्या, कित्येक वारंवारता, शेकडो क्षण. इतक्या तुलनांत योगायोगाने काहीतरी सापडणारच. २००७ मध्ये मारिस आणि ओस्टेनव्हेल्ड यांनी मांडलेली क्लस्टर पर्म्युटेशन चाचणी (लेबलं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून योगायोगाने किती मोठा सलग फरक निघतो ते पाहणारी) इथे चालते, अदलाबदली किमान हजार घ्या. पण ती चाचणी 'दोन ढिगांत फरक आहे' एवढंच सांगते. फरक नेमका ३२० मिलिसेकंदांना सुरू झाला असं तिच्या जोरावर लिहिता येत नाही. खरी लेबलं लावण्याआधी सगळी विश्लेषण-साखळी खोट्या, ढवळलेल्या लेबलांवर एकदा पूर्ण चालवा. तिथेही फरक निघाला तर चूक साखळीत आहे.

हिप्पोकॅम्पसचं नाव घेण्याआधी थांबा. १९५३ च्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या अपस्माराच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता जवळपास संपली, तेव्हापासून स्मृती म्हटलं की हा भाग आठवतो. पण तो खोल आहे, आणि वळलेल्या रचनेमुळे त्याची विद्युतक्षेत्रं एकमेकांना बरीचशी रद्द करतात. कपाळाच्या मध्यावर दिसणारा थिटा हा हिप्पोकॅम्पसचा थिटा नव्हे. हिप्पोकॅम्पसची लय थेट पाहायची तर अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूच्या आत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांच्या नोंदी लागतात, आणि तिथे कोणता इलेक्ट्रोड कुठे हे फक्त उपचाराच्या गरजेनुसार ठरतं.

निबंधात प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही ढिगांतल्या ट्रायल्सची संख्या, डी-प्राइम, किती वाहिन्या भरल्या, किती घटक काढले, फिल्टरची नेमकी मूल्यं, रेफरन्स आणि बेसलाइनची खिडकी द्या. कच्ची नोंद बिड्स या ठरलेल्या मांडणीत जपा, आणि तिच्याबरोबर कोणता शब्द कितव्या जागी कोणाला दाखवला ती पूर्ण यादीही ठेवा.